गाण्याची कुस्ती : त्रिनिदादचा कॅलिप्सो आणि आपली दुय्यम

१९७१ सालची गोष्ट. अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. त्यात एक एकवीस वर्षांचं मुंबईचं पोरगं होतं. पहिलीच मालिका, हेल्मेट नाही आणि समोर गॅरी सोबर्सचा संघ. पोरानं चार कसोटीत ७७४ धावा ठोकल्या. त्यात चार शतकं. शेवटच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर, एका डावात १२४ आणि दुसऱ्यात २२०. भारतानं वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. सुनील गावसकर हे नाव तेव्हापासून आपल्याला पाठ आहे. इथपर्यंतची गोष्ट आपल्या बाबांनी, काकांनी शंभरदा सांगितलेली असते.

त्या हरलेल्या बेटावर पुढं जे घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकानं चक्क गावसकरांवर गाणं रचलं. आपलाच संघ हरला, आपलेच बॉलर थकले, तरी कुणावर राग नाही. उलट आपल्याच खेळाडूंची मस्त फिरकी घेत, त्या पाहुण्या पोराला बाद करणं कसं कुणालाच जमलं नाही, ते त्यानं ताल धरून सांगितलं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी हे गाणं ऐकलं जातं. यूट्यूबवर शोधा, सापडेल.

या गाण्याच्या प्रकाराला म्हणतात कॅलिप्सो. हरल्यावर रडायचं नाही, गाणं रचायचं. नेत्यावर चिडलात? गाणं रचा. भाव वाढले? गाणं रचा. शेजारच्या गायकानं तुमची खोडी काढली? तर भर स्टेजवर, हजार लोकांसमोर, त्याच्यावर गाणं रचा. आणि मग लोक ठरवणार कोण जिंकलं ते.

वाचता वाचता काही आठवलं का? मंडईच्या रात्री, गावच्या चौकात, समोरासमोर बसलेल्या दोन पार्ट्या? ढोलकी, तुणतुणं, एकाचा सवाल, दुसऱ्याचा जवाब? आठवलं असेल तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

गडचिरोलीहून लहान देश

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा देश केवढा? क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर. आपला एकटा गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे गडचिरोलीत असे पावणेतीन देश मावतील. लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास, गडचिरोलीपेक्षा थोडी जास्त आणि चंद्रपूरपेक्षा बरीच कमी. एवढ्याशा बेटानं जगाला कॅलिप्सो दिला, सोका दिला, आणि तेलाच्या पिंपातून बनवलेलं स्टीलपॅन नावाचं वाद्य दिलं.

हे सगळं आलं कुठून? उसाच्या मळ्यातून. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच मळेवाले या बेटावर आले. सोबत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम होते. उपासाचा काळ सुरू होण्याआधी दोन दिवस मौजमजा करायची, ही मळेवाल्यांची रीत, तोच कार्निव्हल. गुलामांना त्यात जागा नव्हती. १८३८ साली गुलामगिरीतून पूर्ण सुटका झाली आणि हे लोक रस्त्यावर उतरले. हातात मशाली, गळ्यात ढोल. मालकांचा सण त्यांनी स्वतःचा करून टाकला.

त्यांच्यात लाठीची झुंज चालायची. प्रत्येक टोळीचा एक लाठीवाला आणि त्याच्या मागं एक गाणारा. गाणाऱ्याचं काम काय? आपल्या गड्याला चेव आणायचा आणि समोरच्याची इज्जत काढायची. पुढं लाठ्या मागं पडल्या, गाणारे मात्र राहिले. कॅलिप्सोच्या रक्तात भांडण आहे ते असं.

इंग्रज सरकारला हा आवाज खुपायला लागला. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर पोलीस आणि मिरवणूकवाले यांच्यात मोठी हाणामारी झाली. त्यानंतर १८८४ मध्ये ढोलांवर बंदी आली. आता पुढची गोष्ट गडचिरोलीच्या माणसाला सांगायला मजा येते. ढोल गेले म्हणून लोक गप्प बसले का? नाही. ते बांबूच्या बेटात शिरले. जाड बांबू, बारीक बांबू, लांब, आखूड असे तुकडे तोडले आणि जमिनीवर आपटून, एकमेकांवर ठोकून ताल धरला. जाड बांबूचा घुमणारा आवाज खाली, बारीकचा कडकडाट वर. या वादनाला ते टॅंबू-बांबू म्हणत. ज्या बांबूच्या आपण ताट्या विणतो, टोपल्या विणतो, त्याच बांबूवर त्यांनी अख्खा कार्निव्हल पन्नासेक वर्षं वाजवला. मग बिस्किटांचे डबे आले, मोटारीचे लोखंडी भाग आले आणि शेवटी तेलाची पिंपं. त्रिनिदादमध्ये तेल निघतं, त्यामुळं रिकामी पिंपं हवी तेवढी. ती ठोकून ठोकून सूर काढले, त्याचं स्टीलपॅन झालं. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे.

राजा, चिमणी आणि टॉयलेट पेपर

कॅलिप्सो गाणाऱ्यांची नावं बघा. लॉर्ड किचनर, लॉर्ड इन्व्हेडर, रोअरिंग लायन, अटिला द हन. गोऱ्या साहेबांच्या पदव्या आणि इतिहासातले सगळे दांडगे लोक त्यांनी स्वतःच्या नावाला लावून टाकले. साहेबाला नुसता 'लॉर्ड' म्हणायला लागायचं, मग आम्हीही लॉर्डच! आणि यातला सगळ्यात मोठा गायक कोण? माईटी स्पॅरो. म्हणजे बलाढ्य चिमणी.

कार्निव्हलच्या आधी काही आठवडे गावोगावी गाण्याचे 'टेंट' लागतात. तंबू म्हणायचं, पण आता बहुतेक हॉलच असतात. तिथं रोज रात्री गायक आपलं नवं गाणं लोकांसमोर टाकतात. परीक्षक फिरून ऐकतात, निवड करतात. मग उपांत्य फेरी आणि कार्निव्हलच्या रविवारी रात्री अंतिम फेरी. शब्द, चाल, गाण्याची पद्धत, सादरीकरण आणि नवेपणा, असे वेगवेगळे गुण. जिंकणाऱ्याला 'कॅलिप्सो मोनार्क', म्हणजे कॅलिप्सोचा सम्राट, ही पदवी.

पण खरे परीक्षक लोकच. सॅन फर्नांडो शहरातल्या स्किनर पार्कमध्ये उपांत्य फेरी होते. तिथलं पब्लिक इतकं खडूस, की गाणं आवडलं नाही तर टॉयलेट पेपरचे रोल हवेत नाचवतात. त्या पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की समजायचं, बावा, आता स्टेजवरून उतर.

दुसरी स्पर्धा त्याहून सोपी. कार्निव्हलच्या दोन दिवसांत रस्त्यावर जे गाणं सर्वांत जास्त वेळा वाजेल ते त्या वर्षीचं 'रोड मार्च'. परीक्षक नाही, भाषण नाही. लोक ज्यावर नाचले, ते जिंकलं.

तिसरी स्पर्धा सगळ्यात जोरदार, 'एक्स्टेम्पो'. दोन गायक समोरासमोर. विषय तिथंच मिळतो. तयारीला वेळ नाही. एकानं चार ओळी टाकायच्या, दुसऱ्यानं त्याच चालीत, यमक सांभाळून, त्याला चारीमुंड्या चीत करायचं. जुन्या काळी प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक फ्रेंच शब्दजोडी यायची. तिचा अर्थ 'दयामाया नाही'. टोमणे मारायच्या या कलेला ते 'पिकाँग' म्हणतात. राग मानायचा नाही, हा एकच नियम.

आणि या सगळ्यांवर एक मोठी अट आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाणं त्या वर्षीचं पाहिजे. मागच्या वर्षी जिंकलेलं गाणं यंदा चालत नाही. यंदाचा भाव, यंदाचा घोटाळा, यंदाची मॅच, यंदाचं दुःख. त्यामुळं शंभर वर्षांची कॅलिप्सो गाणी ओळीनं लावली, तर त्या बेटाचा शंभर वर्षांचा पेपर वाचल्यासारखं होतं.

चाळीस डॉलरचा राजा

स्पर्धा म्हटली की बक्षीस आलं आणि बक्षीस म्हटलं की भांडण आलं. १९५६ साली विशीतल्या स्पॅरोनं 'कॅलिप्सो किंग' ही पदवी जिंकली. गाणं होतं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक बेटावरून निघून गेल्यावर शहरात काय काय बदललं यावरचं, चांगलंच तिरकस. अख्खं बेट ते गुणगुणत होतं. बक्षीस किती? एक चषक आणि चाळीस डॉलर. त्याच कार्निव्हलमध्ये सौंदर्यस्पर्धा जिंकणाऱ्या राणीला मिळाले साडेसात हजार डॉलर.

स्पॅरोनं काय केलं? पुढच्या वर्षी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. सोबत आणखी गायक उभे केले. आणि बहिष्कार का टाकला, यावरही एक गाणं रचलं! ते गाणंही गाजलं. कलाकाराच्या मानधनाचा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आला आणि पुढं बक्षिसं सुधारली. स्पॅरोनं नंतर ही पदवी एकूण आठ वेळा जिंकली.

पदवीचं नाव 'किंग', म्हणजे बाई जिंकूच शकत नाही असं गृहीतच धरलेलं. टोबॅगोची कॅलिप्सो रोझ ही मुलगी वर्षानुवर्षं गात राहिली. बाईनं असली गाणी गाऊ नयेत, असं सांगणारे घरात आणि बाहेर भरपूर होते. तिनं घरकाम करणाऱ्या बायकांच्या हालांवर गाणं रचलं, थट्टेची गाणी रचली. १९७७ मध्ये तिचं गाणं रोड मार्च ठरलं, आणि १९७८ मध्ये तिनं मुख्य स्पर्धाच जिंकली. आता बाईला 'किंग' कसं म्हणायचं? आयोजकांना पदवीचं नाव बदलावं लागलं. तेव्हापासून ती 'मोनार्क' झाली.

तिसरं नाव चॉकडस्ट. म्हणजे खडूची भुकटी. हा माणूस पेशानं शिक्षक, म्हणून हे नाव. आपल्याकडचा झेडपीचा मास्तर समजा. दिवसा शाळा, रात्री टेंटमध्ये सरकारची हजेरी. पुढं त्यानं इतिहासात पीएच.डी. केली, पण गाणं सोडलं नाही. २०१७ साली नवव्यांदा जिंकून त्यानं स्पॅरोला मागं टाकलं.

आपली माणसंही तिथं आहेत बरं का. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे एक लाख चाळीस हजार भारतीय मजूर उसाच्या मळ्यांसाठी त्रिनिदादला नेले गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या लग्नातली गाणी, ढोलक आणि लोखंडी दांड्याचं धनताल हे वाद्य कॅलिप्सोच्या तालात मिसळलं. त्यातून चटणी आणि चटणी-सोका हे प्रकार निघाले. चटणी-सोकाचीही वेगळी स्पर्धा १९९६ पासून भरते. जिथं दोन माणसं गायला उभी राहतील, तिथं त्रिनिदादवाले स्पर्धा लावणारच.

आपल्याकडचा शब्द : दुय्यम

आता घरी या. शब्दकोशात 'दुय्यम' म्हणजे दुसऱ्या दर्जाचं, कमी महत्त्वाचं. तहसीलमधला दुय्यम निबंधक आपल्याला माहीत असतो. पण पूर्व विदर्भातल्या गावच्या पोस्टरवर 'दुय्यम खडी गंमत' किंवा 'कव्वालीचा दुय्यम सामना' असं लिहिलेलं असतं, तेव्हा अर्थ पार वेगळा. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्या. एकटी पार्टी असेल तर कार्यक्रम. दोन पार्ट्या समोरासमोर असतील तर दुय्यम. आणि गर्दी कशाला होते, हे सांगायला नको.

खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायचा तमाशा. पडदा नाही, विंग नाही, मोकळ्या जागेत लोकांच्या मधोमध. शाहीर, सोंगाड्या, बाईचा वेष घेतलेला राधा नाचणारा पोरगा. ढोलकी, तुणतुणं, चोणकं, झांज. आधी गण, मग गवळण, आणि मग सवाल-जवाब. पुराणातलं कोडं टाकायचं, व्यवहारातलं टाकायचं, समोरच्याला अडकवायचं. महाराष्ट्राच्या शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष फार जुने. तुरेवाले शिवाला मोठं मानणार, कलगीवाले शक्तीला. शंकर मोठा की पार्वती, या एका वादावर किती रात्री जागल्या असतील याचा हिशोब नाही.

भीमजयंतीच्या रात्रीचा कव्वालीचा सामना हा दुय्यमचाच दुसरा अवतार. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. एकमेकांना चिमटे काढत, शेर टाकत, शेवटी दोघंही बाबासाहेबांच्या गाण्यावर येतात. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या मातीत भीमगीत हे नुसतं मनोरंजन राहिलं नाही. शिक, संघटित हो, दारू सोड, हे सांगायला सभा भरवण्यापेक्षा गाणं सोपं होतं. आईच्या मांडीवर झोपलेल्या पोरालाही ते पाठ व्हायचं.

गडचिरोलीच्या आत, भामरागड-एटापल्लीकडं गेलात तर रेला ऐकाल. माडिया-गोंड पोरापोरींचे गट हात गुंफून नाचतात. एका गटानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं उचलायची. प्रश्न, उत्तर, थट्टा सगळं त्यात. पण तिथं परीक्षक नसतो आणि चषकही नसतो. कुणी जिंकत नाही, रात्र संपते एवढंच. आता शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रेला 'आयटम' झाला आहे. पाच मिनिटं, एकसारखे कपडे, रेकॉर्डेड ट्रॅक, पहिला क्रमांक. ट्रॅक लावला की समोरून उलटी ओळ येण्याची शक्यताच संपली. रेलातली निम्मी मजा तिथंच गेली. स्पर्धा कलेला वर काढते हे खरं. पण घाईनं लावलेली स्पर्धा कलेचा जीवही घेते, हेही तितकंच खरं.

चिमूरची खंजिरी

आणि आता ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय चंद्रपूर जिल्ह्यात गाण्याबद्दल बोलताच येत नाही.

खंजिरी हे केवढंसं वाद्य. लाकडी कडं, एका बाजूला चामडं, कड्यात बसवलेल्या पितळी चकत्या. एका हातात धरायची, दुसऱ्यानं वाजवायची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे वाद्य हातात घेतलं आणि गावोगाव भजन सुरू केलं. देवाचं नाव होतंच. पण त्यात झाडू होता, दारूबंदी होती, जातीपातीवर कोरडे होते आणि परकी सत्तेविरुद्धची चीडही होती. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबार झाला, त्यात तरुण पोरं पडली. चिमूरची नोंद देशाच्या इतिहासात झाली. त्या ऑगस्टमध्ये सरकारनं महाराजांना अटक केली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. होती ती खंजिरी.

त्याच १९४२ साली तिकडं त्रिनिदादमध्ये काय चाललं होतं? युद्धाचं कारण देऊन इंग्रज सरकारनं कार्निव्हलच बंद केला होता. तो १९४५ पर्यंत बंद राहिला. त्याआधी १९३४ च्या कायद्यानं कॅलिप्सोवाल्यांवर लगाम आलेलाच होता. सरकारच्या मर्जीशिवाय गाता येत नव्हतं, आणि टेंटमध्ये पोलीस येऊन बसायचे. साहेब एकच, भीती एकच. एका टोकाला बांबू आणि पिंप, दुसऱ्या टोकाला खंजिरी.

आज खंजिरी भजन स्पर्धा आपल्याकडं गावोगाव होतात. गुरुदेव सेवा मंडळं त्या भरवतात. पुरुष गट, महिला गट, बाल गट. प्रत्येक मंडळाला ठरावीक वेळ. सूर, ताल, शब्दोच्चार, शिस्त यांना गुण. पहाटेपर्यंत मंडळं येत राहतात. ट्रॅक्टरनं, ऑटोनं, दुचाकीवर पेटी बांधून. धान कापून आलेल्या बाया एकसारख्या साड्या नेसून स्टेजवर बसतात, आणि त्यातली एखादी खंजिरीवर असा हात टाकते की समोरचे तरणे पोरं मोबाइल खाली ठेवतात. ज्या बाईला ग्रामसभेत बोलायला संकोच वाटतो, ती इथं माइकसमोर हजार माणसांत गाते. हा बदल लहान नाही.

सत्यपाल महाराज तर एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. वऱ्हाडी बोलीत हसवता हसवता हुंडा, बुवाबाजी, दारू यांची सालटी काढतात. त्रिनिदादचा माणूस ऐकेल तर म्हणेल, हा तर आमच्यातलाच.

मग अडलं कुठं?

अडलं एका ठिकाणी. आपल्या स्पर्धांत नवं गाणं येत नाही.

भजन स्पर्धेत महाराजांचीच भजनं गायची असतात. ते बरोबरच आहे, स्पर्धा त्यासाठीच आहे. पण महाराजांनी स्वतः काय केलं? त्यांनी त्यांच्या काळावर गाणी रचली. आपण त्यांचं गाणं घेतलं, रचण्याची सवय मात्र घेतली नाही. दुय्यममध्ये नवं रचायला जागा आहे, कारण सवाल काय येईल ते आधी माहीत नसतं. पण मंडईत आता खडी गंमतीऐवजी डीजे आणि ऑर्केस्ट्राला मागणी. नाटकाचं बरं चाललं आहे. वडशाच्या कंपन्यांच्या तारखा दिवाळीनंतर भरतात, आणि गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर अख्ख्या झाडीपट्टीची कॉलर ताठ झाली. मात्र ज्या दंडार-खडी गंमतीच्या खांद्यावर ही रंगभूमी उभी राहिली, तिचे शाहीर म्हातारे झाले. त्यांच्या वह्या पेटीत आहेत. काहींनी तर वहीच केली नाही, सगळं डोक्यात. असा माणूस गेला की त्याच्यासोबत दोन-अडीचशे सवाल जातात, आणि त्यांचे जवाबही.

शिवाय नोंद नसेल तर गाणं चोरीला जातं. लॉर्ड इन्व्हेडरचं 'रम अँड कोका-कोला' हे गाणं एका अमेरिकन विनोदवीरानं स्वतःच्या नावावर केलं; १९४५ मध्ये अमेरिकेत त्या गाण्याची तुफान विक्री झाली. मूळ गायक त्रिनिदादमध्ये, पैसा अमेरिकेत. इन्व्हेडर कोर्टात गेला आणि जिंकला. जिंकला, कारण हे गाणं आधी कुठं, कधी आणि कुणी गायलं, हे दाखवता आलं. आपल्या शाहिराची ओळ उद्या एखाद्या रीलमध्ये वाजली, तर ती त्याची आहे हे आपण कशावरून दाखवणार?

आणि विषय तर आपल्याकडं पायलीनं पडले आहेत. उन्हाळ्यात चंद्रपूर देशातल्या तापलेल्या शहरांच्या यादीत वर असतं. कोळशाची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. वाघ गावात, माणूस घरात. धानाचा बोनस, मोहाची फुलं, तेंदूपत्ता, सुरजागडचे ट्रक, पोलीस भरतीसाठी पहाटे चारला धावणारी पोरं आणि न आलेली एसटी. समजा, उद्याच्या दुय्यममध्ये असा सवाल आला :

माणूस बंद घरामंदी अन् मोकळा वाघ, सांग हे कसं घडलं?
मोहफूल वेचाया निघाली माय, तिचं पाऊल काहून अडलं?

तर जवाब असा देता येईल :

वाघाले नको देऊ दोष गड्या, त्याचं घर कोणं मोडलं?
खाण खोदली, रस्ता केला, जंगल कोणं तोडलं?

हे काही फार मोठं काव्य नाही, कबूल. पण मोह वेचणाऱ्या बाईची भीती आणि जंगल तोडणाऱ्याचा हिशोब एकाच स्टेजवर समोरासमोर आले की नाही? भाषणात हे दोन पक्ष एकमेकांना ऐकत नाहीत. गाण्यात ऐकावंच लागतं, कारण जवाब त्याच चालीत द्यायचा असतो.

तुम्ही काय कराल?

त्रिनिदादमध्ये शाळकरी पोरांचीही कॅलिप्सो स्पर्धा भरते. पोरं प्रदूषणावर गातात, शाळेतल्या मारामाऱ्यांवर गातात. काहींना गाणं मोठी माणसं लिहून देतात, पण स्टेजवर उभं राहून देशाच्या कारभाराबद्दल चार शब्द बोलायची भीड लहानपणीच मोडते. आपल्याकडं हे अजिबात अवघड नाही.

यंदाच्या गॅदरिंगमध्ये किंवा गणपतीत एक फेरी दुय्यमची ठेवा. वर्ग विरुद्ध वर्ग, वॉर्ड विरुद्ध वॉर्ड. विषयांच्या चिठ्ठ्या प्रेक्षकांकडून घ्या. चाल कोणतीही चालेल. ओवीची, खडी गंमतीची, नाहीतर रॅपची. रॅप करणारे पोरं आपल्या गल्लीत आहेतच, त्यांना समोरासमोर बसवा. अट फक्त दोनच. गाणं यंदाचं पाहिजे आणि आपल्या बोलीत पाहिजे. घरी आपण ज्या बोलीत भांडतो, त्या बोलीत टोमणा जितका बसतो तितका पुस्तकी भाषेत बसत नाही. झाडीबोलीत ळ चा र होतो म्हणून कॉलेजात हसणारे असतात. त्यांनाच पहिला सवाल टाका.

दुसरं काम त्याहून सोपं. तुमच्या गावात एखादा जुना शाहीर असेल, एखादी आजी असेल जिला रोवणीची गाणी येतात. मोबाइल घ्या, परवानगी विचारा, रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख बोलून घ्या. गाणं कुणी शिकवलं तेही विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि कार्यक्रमाला बोलावलंत तर पाकीट देताना स्पॅरोचे चाळीस डॉलर आठवा. डीजेला जेवढे मोजता, त्याच्या निम्मे तरी शाहिराच्या हातात पडू द्या.

मुलींनी तर आधी उतरायला हवं. खडी गंमतीत राधा पोरगाच होतो, कारण बाईला त्या चौकात जागा नव्हती. खंजिरीनं ती जागा दिली. आता दुय्यमची दुसरी पार्टी मुलींची असू द्या. एकदा जिंकलात की पदवीचं नाव बदलायचं काम आयोजक करतीलच.

भाऊबीज झाली की मंडया लागतात. धान कापून झालेलं असतं, रात्री थंड असतात, लोक जागायला तयार असतात. सवाल तयार ठेवा. जवाब द्यायला समोर कोण बसतं, ते बघू.